घरगुती केबिन फिल्टर

घरगुती केबिन फिल्टर म्हणजे मोटारीच्या प्रवासी कक्षात येणारी हवा गाळण्यासाठी वाहनमालकाने स्वतः तयार केलेला आणि धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येणारा फिल्टर होय. कारखान्यात तयार होणारा केबिन फिल्टर बहुधा न विणलेल्या, घड्या घातलेल्या कापडाचा असतो व मळल्यावर बदलावा लागतो. घरगुती फिल्टरमध्ये त्याऐवजी मुख्यतः फोम आणि बारीक जाळी वापरली जाते. बोलीभाषेत केबिन फिल्टरला 'एसी फिल्टर' असेही म्हणतात. इंजिनाला लागणारी हवा गाळणारा एअर फिल्टर याहून वेगळा असतो. घरगुती फिल्टर पालापाचोळा, कीटक व जाड धूळ अडवतो. मात्र आरोग्यास अधिक अपायकारक असलेले सूक्ष्म कण त्यातून बव्हंशी पार होतात.

पार्श्वभूमी

बाहेरील हवा गाळून व तापवून मोटारीत सोडणारी यंत्रणा अमेरिकेतील नॅश मोटर्स या कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणली. घडीदार केबिन फिल्टरचा प्रसार मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. आजच्या मोटारींत तो सामान्यतः ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, डॅशबोर्डखाली किंवा बॉनेट व पुढील काच यांच्यामधील जाळीखाली बसवलेला असतो.

घरगुती फिल्टर तयार करण्यामागे प्रामुख्याने तीन कारणे आढळतात : वारंवार फिल्टर बदलण्याचा खर्च, जुन्या मोटारींसाठी योग्य मापाचा फिल्टर न मिळणे आणि काही मोटारींत फिल्टरसाठी जागा असूनही तो मुळात बसवलेला नसणे. भारतात कमी किमतीच्या काही मोटारींबाबत शेवटची स्थिती दिसून येते. अशा मोटारीत धूळ थेट ब्लोअर व कूलिंग कॉइलपर्यंत पोहोचते. कॉइलवरील ओलाव्यात ती चिकटून बसल्यास हवेचा झोत मंदावतो व कुबट वास येऊ लागतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट प्रदेशात, हा त्रास अधिक जाणवतो.

गाळण्याचे तत्त्व

फिल्टर केवळ चाळणीप्रमाणे काम करतो, हा समज अपुरा आहे. मोठे कण वेगामुळे हवेबरोबर वळू शकत नाहीत व तंतूंवर आदळतात. मध्यम आकाराचे कण तंतूंना घासून जाताना अडकतात, तर अतिसूक्ष्म कण अनियमित हालचालीमुळे तंतूंना चिकटतात. सुमारे ०.३ मायक्रोमीटर आकाराचे कण अडवणे सर्वांत कठीण असते. कारखान्यातील अनेक फिल्टरांच्या पॉलिप्रॉपिलीन तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. त्यामुळे हवेला फार अडथळा न होताही सूक्ष्म कण खेचले जातात.

घड्यांमुळे गाळण्याचे क्षेत्रफळ वाढते. उदाहरणार्थ, २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या सपाट तुकड्याचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर असते. त्याच चौकटीत २.५ सेंटिमीटर खोलीच्या ३० घड्या बसवल्यास ते ३,००० चौरस सेंटिमीटर होते. त्यामुळे कापडातून जाणाऱ्या हवेचा वेग साडेसात पटींनी घटतो व ब्लोअरवर ताण येत नाही. दाट कापडाचा सपाट तुकडा घरगुती फिल्टर म्हणून वापरल्यास झोत कमी होतो, याचे कारण हेच.

साहित्य व रचना

घरगुती फिल्टरचे माप जुन्या फिल्टरवरून किंवा त्याच्या खाचेवरून घेतले जाते. चौकटीसाठी जुन्या फिल्टरची प्लॅस्टिकची कड किंवा पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा वापरतात. गाळण्यासाठी खुल्या छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम घेतला जातो. हवेच्या ओढीने तो वाकून ब्लोअरमध्ये जाऊ नये म्हणून त्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंस ॲल्युमिनियमची जाळी लावतात. कडेने फोमची चिकटपट्टी लावून फट बुजवली जाते. हवा कमी अडथळ्याच्या वाटेने जात असल्याने लहानशी फटही गाळण्याचा परिणाम बराच घटवते. फिल्टरच्या आतील बाजूस कडेलगत धुळीचे पट्टे दिसल्यास हवा फटीतून जात असल्याचे समजते.

स्वच्छता

फोमचा फिल्टर कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन, न पिळता दाबून, सावलीत पूर्ण वाळवला जातो. ओला फिल्टर बसवल्यास बुरशी वाढण्याचा धोका असतो. म्हणून पावसाळ्यात एक फिल्टर वाळत असताना वापरण्यासाठी दुसरा तयार ठेवणे सोयीचे ठरते. जुना झालेला फोम ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडू लागल्यास तो वापरातून काढावा लागतो.

कारखान्यातील घडीदार फिल्टर धुऊन वापरणे ही वेगळी बाब आहे. साबण किंवा अल्कोहोलमुळे तंतूंवरील विद्युतभार कमी होतो, तर गॅरेजमध्ये जोराने हवा मारल्यास तंतू फाटू शकतात. असा फिल्टर स्वच्छ दिसला तरी त्याची सूक्ष्म कण अडवण्याची क्षमता घटलेली असते.

मर्यादा

एका इंचात ३० छिद्रे असलेल्या फोमचे छिद्र एक मिलिमीटरहून थोडे लहान असते. पीएम २.५ या वर्गातील कण त्याहून तीनशे पटींहून अधिक लहान असतात. वाहनांच्या धुरातील काजळीचे बहुतांश कण याच वर्गात मोडतात व श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. फोमवर साचलेली काळी धूळ पाहून हवा शुद्ध झाल्याचा समज होतो. परंतु जे कण पार झाले ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे दमा असलेली व्यक्ती, लहान मुले किंवा वृद्ध नियमित प्रवास करत असल्यास घरगुती फिल्टर हा कारखान्यातील फिल्टरचा पर्याय ठरत नाही.

वायू व दुर्गंध फोमने अडत नाहीत. त्यांपैकी काहींसाठी सक्रिय कार्बनचा थर उपयोगी पडतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यानेही अडत नाही. आतील हवाच फिरवत ठेवल्यास बाहेरील धूर कमी येतो, पण बंद मोटारीत प्रवाशांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड वाढत जातो.

सुरक्षितता

अनेक मोटारींत ब्लोअरचा वेग नियंत्रित करणारा रेझिस्टर वाहत्या हवेनेच थंड राहतो. फिल्टर अतिदाट असल्यास किंवा तुंबल्यास तो तापून निकामी होऊ शकतो. काचतंतूंचे कापड वापरल्यास त्याचे तुटलेले तंतू हवेत मिसळण्याची शक्यता असते. इंजिनाच्या काही फिल्टरांना लावतात तसे तेल केबिन फिल्टरला लावल्यास ते कूलिंग कॉइलवर व प्रवासी कक्षात पसरू शकते. म्हणून ते टाळले जाते.

हे सुद्धा पहा

वायुप्रदूषण
वातानुकूलन
हेपा फिल्टर
सक्रिय कार्बन