पूर्वप्राथमिक भाषाविकास आणि तंत्रज्ञान

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांचे श्रवण, उच्चार, शब्दसंग्रह आणि आरंभिक साक्षरता यांच्या विकासासाठी ध्वनिमुद्रण, दूरचित्रवाणी, संगणक व भ्रमणध्वनी यांसारख्या साधनांचा पूरक वापर केला जातो. आरंभिक साक्षरता म्हणजे औपचारिक लेखन-वाचनापूर्वीची तयारी होय. शब्दांतील ध्वनी वेगळे ओळखणे, यमक जाणवणे, गोष्ट क्रमाने सांगणे आणि अक्षर ही ध्वनीची खूण आहे हे उमगणे, या बाबी तिच्यात येतात.

पार्श्वभूमी
शालापूर्व मुलांसाठी आखलेली 'सेसमी स्ट्रीट' ही दूरचित्रवाणी मालिका १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. 'गली गली सिम सिम' ही तिची भारतीय आवृत्ती २००६ पासून प्रसारित झाली. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा विनामूल्य वाचता येतात.

संशोधन
पॅट्रिशिया कूल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चिनी (मँडरिन) भाषा ऐकवण्यात आली. प्रत्यक्ष व्यक्तीच्या सहवासात ती ऐकणाऱ्या बालकांना त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखता आले. केवळ चित्रफीत पाहणाऱ्यांना किंवा ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांना ते साधले नाही. २०१४ मधील एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुले थेट दृक्‌संभाषणातून नवी क्रियापदे शिकली, पूर्वमुद्रित चित्रफितीतून मात्र शिकली नाहीत. यावरून पडद्यापेक्षा प्रतिसाद महत्त्वाचा ठरतो. परदेशी वाढणाऱ्या मराठी मुलांचे आजी-आजोबांशी होणारे दृक्‌संभाषण म्हणूनच भाषेच्या दृष्टीने उपयुक्त ठरू शकते.

मराठीसंदर्भात
मराठीत 'चिमणी' आणि 'चूल' या शब्दांतील 'च'चा उच्चार भिन्न आहे. लिपीत मात्र हा भेद दिसत नाही. तो मुलाला कानांनीच शिकावा लागतो. त्यामुळे मराठी भाषकाच्या आवाजातील मुद्रण यंत्रनिर्मित आवाजापेक्षा अधिक विश्वसनीय असते. बडबडगीत ऐकवताना मध्येच थांबून पुढचा शब्द मुलाकडून वदवून घेणे, त्याने सांगितलेली गोष्ट मुद्रित करून त्यालाच ऐकवणे, चित्रकथा वाचताना "आता काय होईल?" असे विचारणे, या रीती घरी व बालवाडीत सहज अवलंबता येतात.

मर्यादा
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बालकांना पडदा दाखवू नये; दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बैठा पडदा-वेळ दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, कमी असल्यास उत्तम. मूल उशिरा बोलत असल्यास उपयोजनांवर विसंबून न राहता श्रवणचाचणी करून घेणे व वाचोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक असते.