मतं मोजायचं माप



मागे एका प्रभागसंघात अध्यक्ष निवडायची वेळ आली. एका गावात दहा गट होते. सहा गटांना एक ताई हवी होती, चार गटांना दुसरी. आता या गावानं प्रभागसंघात मतं द्यायची कशी? जिकडे जास्त गट तिकडे दहाच्या दहा, की सहा इकडे आणि चार तिकडे? सहावाल्या म्हणाल्या, गाव एक आहे, आवाजही एकच जायला हवा. चारवाल्या म्हणाल्या, मग आमची मतं गेली कुठे? दोन तास वाद चालला. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, तुम्ही नियम बघताय का बाई बघताय?" आम्ही सगळ्या गप्प झालो.

मावशींचा हा प्रश्न अमेरिकेत सव्वादोनशे वर्षं विचारला जातोय. आजच्या भागात तोच इतिहास सांगतो.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लोकांच्या थेट मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक मतं दिलेली असतात. त्या राज्याचे वरच्या आणि खालच्या सभागृहात मिळून जितके सदस्य, तितकी ही मतं. ती देणाऱ्या माणसांना निर्वाचक म्हणतात. आज देशभरात अशी ५३८ मतं आहेत आणि ज्याला २७० मिळतात तो राष्ट्राध्यक्ष होतो. पण राज्यानं आपली मतं कशी द्यायची हे राज्यघटनेनं ठरवून दिलेलं नाही. ते त्या राज्याच्या विधिमंडळावर सोडलं आहे. आज ४८ राज्यांत जो पहिला येतो त्याला सगळी मतं मिळतात. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं मतं वाटून देतात. तिथे दोन मतं संपूर्ण राज्यात जिंकणाऱ्याला जातात आणि बाकीचं एकेक मत त्या त्या मतदारसंघात जिंकणाऱ्याला. म्हणजे आपल्या गावातल्या सहावाल्यांचा नियम आणि चारवाल्यांचा नियम, दोन्ही तिथे आहेत.

सुरुवातीला अनेक राज्यं मतदारसंघवार मतं देत होती. १७९६ साली जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन यांच्यात लढत झाली. अ‍ॅडम्सला ७१ मतं पडली, जेफरसनला ६८. जेफरसनच्या स्वतःच्या व्हर्जिनियात २१ पैकी एक मत अ‍ॅडम्सला गेलं होतं. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनातही एक गेलं. ही दोन मतं फिरली असती तर जेफरसन ७० आणि अ‍ॅडम्स ६९ झाले असते. हा हिशेब जेफरसनच्या लोकांच्या मनात राहिला.

पुढची निवडणूक १८०० साली होती. त्या वर्षीच्या जानेवारीत जेफरसननं आपला मित्र जेम्स मन्रो याला पत्र लिहिलं. सगळीकडे लागू होणार असेल तर मतदारसंघवार पद्धतच सगळ्यात चांगली, हे त्यानं त्यात मान्य केलं. पण बाकीची राज्यं आपली सगळी मतं एका बाजूला टाकत असताना आपणच वाटत बसणं हा मूर्खपणा ठरेल, असंही त्याचं म्हणणं होतं. व्हर्जिनियानं नियम बदलला आणि सगळी २१ मतं जेफरसनला गेली. तिकडे अ‍ॅडम्सच्या मॅसॅच्युसेट्सनं काय केलं? निर्वाचक निवडायचं काम लोकांच्या हातून काढून विधिमंडळाकडे घेतलं. तिथली सगळी १६ मतं अ‍ॅडम्सला मिळाली. शेवटी जेफरसनच राष्ट्राध्यक्ष झाला.

नियम चांगला आहे हे माहीत असून तो सोडला, कारण समोरचा पाळत नव्हता. एका मोठ्या राज्यानं गठ्ठ्यानं मतं दिली की बाकीच्यांना वाटतं, आपणच का मागे राहायचं? हळूहळू सगळे त्याच वाटेनं गेले. १८३६ पर्यंत साउथ कॅरोलिना सोडून प्रत्येक राज्यात जिंकेल त्याला सगळी मतं जाऊ लागली होती.

पुढची गोष्ट मिशिगन राज्याची. तिथे रिपब्लिकन पक्षाचं वजन होतं. १८९० साली डेमोक्रॅट पक्षाच्या हातात सत्ता आली. पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा केला की राष्ट्राध्यक्षाची मतं मतदारसंघवार द्यायची. लोकांच्या जवळ जाणारी पद्धत, असं त्याचं समर्थन करता येत होतं. पण सगळं राज्य आपल्याला मिळणार नाही, निदान काही मतं तरी पदरात पडतील, हा हिशेबही उघड होता. रिपब्लिकन कोर्टात गेले. १८९२ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हे ठरवायचा अधिकार विधिमंडळाचाच आहे. त्या निवडणुकीत मिशिगनची ९ मतं रिपब्लिकनांना आणि ५ डेमोक्रॅटांना मिळाली. १८९३ साली रिपब्लिकन परत सत्तेवर आले आणि त्यांनी कायदा रद्द केला. नियम एकाच निवडणुकीपुरता जगला. या सगळ्या भांडणात बायकांचा आवाज कुठेच नव्हता, कारण देशभरातल्या बायकांना घटनेनं मताचा हक्क मिळाला तो १९२० साली.

आता आपल्या काळात येऊ. मेन राज्यानं १९६९ साली मतं वाटून देण्याचा कायदा केला. नेब्रास्कानं तो १९९१ साली केला. नेब्रास्कातलं विधेयक मांडणारी एक बाई होती, डायॅना शिमेक, डेमोक्रॅट पक्षाची. नेब्रास्का शेतीचं राज्य आहे. तिथे रिपब्लिकनच जिंकणार हे ठरलेलं, म्हणून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार तिकडे फिरकत नसत. मतं वाटली गेली तर कोणीतरी येईल आणि लोकांचं ऐकेल, असा शिमेक यांचा विचार होता. सतरा वर्षं काही फरक पडला नाही. मग २००८ साली ओमाहा शहराच्या मतदारसंघातलं एक मत बराक ओबामांना गेलं. रिपब्लिकन म्हणत, सगळ्या राज्याचा आवाज एकच हवा. डेमोक्रॅट म्हणत, प्रत्येक भागाचं मत मोजलं गेलं पाहिजे.

इथपर्यंत कोणालाही वाटेल की दोघांचं आपापलं तत्त्व आहे. पण २०११ साली पेनसिल्व्हेनियात काय झालं ते ऐका. ते राज्य बरीच वर्षं डेमोक्रॅटांना मत देत होतं, पण तेव्हा विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात होतं. तिथल्या रिपब्लिकन नेत्यानं प्रस्ताव आणला की मतं मतदारसंघवार वाटायची. आणि डेमोक्रॅटांनी विरोध केला! नेब्रास्कात जो नियम एका पक्षाला गोड लागत होता, तोच पेनसिल्व्हेनियात कडू लागला. तो प्रस्ताव काही मंजूर झाला नाही.

मग खरा न्याय मतदारसंघवार पद्धतीत आहे का? तेही पुरतं खरं नाही. मतदारसंघाच्या सीमा बहुतेक राज्यांत सत्तेवरचा पक्षच आखतो. ज्याच्या हातात बांध टाकायचं काम, तो आपल्या बाजूनं सरकवणारच. म्हणजे दोन्ही मापांत खोट काढता येते.

सगळ्यात मोठी ओढाताण २०२४ साली झाली. हिशेब असा होता की कमला हॅरिस यांनी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया जिंकलं आणि ओमाहाचं एक मत मिळालं, तर बरोबर २७० होतात. ते एक मत गेलं तर २६९–२६९. मतदानाला थोडे आठवडे उरले असताना सप्टेंबरमध्ये नेब्रास्काचा नियम बदलायचा जोर लागला. मेनमधल्या डेमोक्रॅट नेत्यांनी आधीच इशारा दिला होता की तुम्ही बदललात तर आम्हीही बदलू. नेब्रास्काच्या विधिमंडळात ४९ सदस्य असतात आणि अडवलेलं विधेयक पुढे न्यायला ३३ मतं लागतात. ओमाहाचे सदस्य माइक मॅकडॉनेल त्याच वर्षी डेमोक्रॅट पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते. त्यांच्यावर सगळ्यांचं लक्ष होतं. निवडणूक इतकी जवळ असताना नियम बदलायचा नाही, असं सांगून त्यांनी नकार दिला. आपल्याच नव्या पक्षाला नाही म्हणाले. ओमाहाचं मत हॅरिस यांना गेलं, मेनचं एक मत ट्रम्प यांना गेलं. ट्रम्प ३१२ मतं घेऊन जिंकले, त्यामुळे त्या एका मतानं काही अडलं नाही. २०२५ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हाही ३३ चा आकडा गाठता आला नाही.

मैत्रिणींनो, हे सगळं ऐकून सरपंचाची आठवण झाली असेल. आपल्या राज्यात २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. २०२० साली सरकार बदललं होतं, तो नियम रद्द झाला आणि निवड परत सदस्यांकडे गेली. २०२२ साली पुन्हा सरकार बदललं आणि पुन्हा थेट निवड आली. प्रत्येक वेळी कारणं सांगितली गेली आणि ती ऐकायला पटण्यासारखीही होती. पण माप कधी बदललं, कोणी बदललं आणि त्या वेळी फायदा कोणाचा होता, हे आपण विचारलंच पाहिजे. आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारायचा: उद्या याच नियमानं माझी माणसं हरली, तरी मी तो मानेन का?

त्या प्रभागसंघात शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. या वेळची निवड जुन्याच पद्धतीनं करायची, असं ठरलं. नवा नियम पुढच्या निवडीपासून लागू करायचा आणि कोण उभी राहणार हे कोणालाच माहीत नसताना तो लिहून घ्यायचा. चार गटांच्या बायका त्या वेळी हरल्या. पण ठरावाच्या वहीत पहिली सही त्यांच्यातल्याच एकीनं केली.