उंदीर, आगगाडी आणि प्लेग

दक्षिण अमेरिकेंत कॅपिबारा नांवाचा प्राणी आहे. कुळानें तो आमच्या उंदराघुशींचा भाऊबंद. परंतु वजन सुमारें ५० किलो. गवत व पाणवनस्पति हा त्याचा आहार, पाणथळ हें त्याचें घर, दहा-वीस जणांचा कळप हा त्याचा संसार. माणसाच्या घरावांचून त्याचें कांहीं अडत नाहीं. इकडील भाऊबंदांनीं मात्र आमच्याच छपराखालीं बिऱ्हाड थाटलें, आणि या शेजारानें ठाणें-कल्याणच्या इतिहासांत एक दारुण प्रकरण लिहिलें.

मुंबईहून ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली, पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. माणसें व धान्य एकाच वाटेनें धांवूं लागलीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. विएगस यांनीं प्लेग ओळखला. भयभीत लोक शहर सोडून निघाले. साथही ठाणें जिल्ह्यांत शिरली. १८९७ सालीं सरकारनें कायदा केला. उतारूंची तपासणी, घरांच्या झडत्या, रोग्यांची कुटुंबापासून ताटातूट हे प्रकार सुरू झाले. पुण्यांत तर हा संताप २२ जून रोजीं रँडवरील गोळीपर्यंत गेला. सारा पाठलाग माणसाचा झाला. उंदराची राहणी कोणीं फारशी पाहिली नाहीं.

१८९८ सालीं कराचीस सिमाँ या फ्रेंच वैद्यानें उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविलें. तें मत मान्य होण्यास मुंबईंत १९०५ पासून झालेले प्रयोग लागले. शेतांतला उंदीर बांधाच्या बिळांत भाताच्या लोंब्या सांठवितो. काळा घरउंदीर कौलांत व धान्याच्या पोत्यांआड वस्ती करितो. तो मेला कीं त्याचें अंग थंड पडतें आणि पिसवा दुसरें ऊबदार अंग शोधतात. तें अंग बहुधा शेजारीं निजलेल्या माणसाचें असतें. उंदीर पडतांच घर सोडून माळावर झोपडी बांधणारीं आमचीं माणसें कारण न जाणतांही योग्य वाटेवर होतीं.

आज डोंबिवलीच्या भातखाचरांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. घूस मात्र गेलेली नाहीं. उकिरडा व गटार तिला पुरतें. प्राणी कोठें राहतो, काय खातो, कोणाच्या संगतीनें जगतो, हे प्रश्न केवळ कौतुकाचे आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. ते वेळेवर विचारले असते, तर कित्येक घरांचीं दारें फोडण्याचें कारण पडलें नसतें.