लस मुलींची, विषाणू कोणाचा?

कोल्हापुरातील एका शाळेत नववीच्या वर्गापुढे लसींविषयी बोलायला आम्ही गेलो होतो. विषय एच.पी.व्ही. विषाणूचा आहे हे कळताच वर्गशिक्षिका बाईंनी मुलग्यांना मैदानावर पाठवले. "मुलींची लस ना सर ती," त्या म्हणाल्या. त्यांना दोष कसा द्यावा? वर्तमानपत्रांत ही लस बहुधा 'गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस' याच नावाने येते आणि सोबतच्या छायाचित्रात दंड पुढे केलेली मुलगी असते.

लसीला असे लिंग चिकटण्याची ही पहिली वेळ नव्हे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत वाचकांपैकी अनेकांनी वर्गच्या वर्ग रांगेत उभे केले असतील. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना तेव्हा सरसकट लस दिली गेली. वास्तविक रुबेलाने मुलाला थोडा ताप, थोडे पुरळ, यापलीकडे सहसा काही होत नाही. धोका असतो तो गर्भाला. मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या मातांना गरोदरपणी रुबेला झाला होता, हे नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने १९४१ साली दाखवून दिले. झाले, रोग बायकांचा ठरला! लस हाती आल्यावर ब्रिटनने १९७० पासून ती शाळकरी मुलींनाच दिली. जपानने १९७७ पासून तेच केले.

विषाणू मात्र मुलग्यांमध्ये सुखाने फिरत राहिला. हे मुलगे मोठे झाले, कचेरीत जाऊ लागले. २०१३ मध्ये जपानात रुबेलाचे १४ हजारांहून अधिक रुग्ण आढळले. त्यांत बहुसंख्य प्रौढ पुरुष होते. २०१२ ते २०१४ या काळात ४५ बालके जन्मजात रुबेलाची बाधा घेऊन जन्मली. अखेर २०१९ पासून सरकारने १९६२ ते १९७९ दरम्यान जन्मलेल्या पुरुषांसाठी मोफत तपासणी आणि लस सुरू केली. बालपणी टोचायची लस पन्नाशीत!

एच.पी.व्ही.चा इतिहासही गर्भाशयमुखापासूनच सुरू होतो. तेथील कर्करोगात या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला १९८३-८४ मध्ये सापडले. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. हाच विषाणू घसा, गुदद्वार आणि शिश्न यांच्या कर्करोगालाही कारण होतो. तरी अमेरिकेत लस २००६ मध्ये मुलींसाठी आली, मुलग्यांना परवानगी २००९ मध्ये मिळाली आणि सर्व मुलग्यांसाठी शिफारस व्हायला २०११ उजाडले. मधल्या काळातील बातम्यांत मुलगा रोगी म्हणून क्वचितच दिसे. दिसलाच तर संसर्ग वाहून नेणारा, किंवा भावी पत्नीचा रक्षणकर्ता म्हणून. आणि निर्णयाची जबाबदारी? ती आईवर. बाप कुठे दिसतच नसे.

आपल्याकडे २००९ मध्ये बार्शी, पुणे आदी केंद्रांवर या लसीच्या मात्रांची चाचणी सुरू झाली ती १० ते १८ वयाच्या मुलींवर. दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद उठला आणि एप्रिल २०१० मध्ये हीदेखील थांबवावी लागली. त्यामुळे अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे वर्षानुवर्षे त्यांची तपासणी केल्यावर एक मात्राही जवळजवळ तितकेच संरक्षण देते असे दिसले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला त्यामागे हा पुरावाही होता. त्याच वर्षी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या लसीला मुलगे व मुली दोघांसाठी मान्यता मिळाली. नाव मात्र 'सर्व्हाव्हॅक', म्हणजे मूळ शब्द सर्व्हिक्स, गर्भाशयमुख. मुलग्याने टोचून घ्यायची ती त्याला नसलेल्या अवयवाच्या नावाने!

मुलींना अग्रक्रम देणे आम्हाला योग्यच वाटते. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. आपल्या पुरुषांच्या घसा-तोंडाच्या कर्करोगात तंबाखूचा वाटा फार मोठा आहे. शिवाय पुरेशा मुलींना लस मिळाली की मुलग्यांनाही आडून संरक्षण मिळते. २०१९ मध्ये लसीचा तुटवडा असताना जागतिक तज्ज्ञ गटाने मुलग्यांचे लसीकरण तूर्त लांबवण्यास सांगितले ते याच हिशेबाने. पण हा हिशेब साठ्याचा आहे. बातमीत तोच रोगाचा स्वभाव होऊन बसतो.

तास संपता संपता मुलगे परतले. "सर, आम्हाला का बाहेर काढलं?" एकाने विचारले. फळ्यावरची विषाणूची आकृती अजून पुसली नव्हती. बाईंनी पुढचा तासही देऊ केला, आणि आम्ही रुबेलापासून सुरुवात केली.