मंगलाष्टकांपासून जयमंगल अष्टगाथेपर्यंत

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. सोबत दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक होती, कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून न घेण्याची. आठ आठवड्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे निधन झाले. गावोगावच्या नवदीक्षितांपुढे साधा पण बिकट प्रश्न उभा राहिला: आता लग्न कसे लावायचे?

परंपरागत बौद्ध देशांत लग्न हा गृहस्थांचा व्यवहार. ते लावणे हे भिक्खूंचे काम नव्हे. तयार विधी कुठेच नव्हता, तो महाराष्ट्रात घडवावा लागला. वाट मात्र अनोळखी नव्हती. ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावण्याचा पायंडा सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच पाडला होता.

नव्या विधीत होम नाही, सप्तपदी नाही, मुहूर्तही नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावायच्या, त्रिशरण-पंचशील घ्यायचे. वधूवरांच्या प्रतिज्ञांना आधार सिगालोवाद सुत्त या बुद्धाच्या उपदेशाचा. त्यात पतीची कर्तव्येही पत्नीइतकीच, पाच आहेत, आणि त्यांतले पहिले पत्नीचा सन्मान करण्याचे. मंगलाष्टकांच्या जागी पालीतली जयमंगल अष्टगाथा आली, अक्षतांऐवजी फुले आली. पत्रिकेवर ‘मंगल परिणय’ छापले जाऊ लागले. विधी चालवू लागले ते बौद्धाचार्य, म्हणजे समाजातलेच प्रशिक्षित गृहस्थ. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापलेल्या भारतीय बौद्ध महासभेने असे बौद्धाचार्य तयार केले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्याच घरातला माणूस आता मंगल वचने उच्चारू लागला. या साऱ्या बदलातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

जुने सगळे एकदम सुटले नाही. अनेक घरांत हळद राहिली, मंगळसूत्र राहिले. कायद्याने बौद्ध विवाह आजही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालीच येतात. तरी नामकरण, गृहप्रवेश, अंत्यविधी या प्रसंगीही बुद्धवंदना रुळली आणि शाळेची पायरी न चढलेल्या आजींना पाली गाथा तोंडपाठ झाल्या. धर्मांतर सभेच्या मैदानावर झाले, पण ते रुजले घराच्या ओसरीवर. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात जेमतेम अडीच हजार बौद्ध होते. २०११ मध्ये ही संख्या ६५ लाखांवर गेली होती.