कपाशीच्या मुलखातील वाघ

पुलगाव हे नाव पुलावरून पडले, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला, पुलाजवळ स्टेशन झाले, स्टेशनाभोवती कापसाचा बाजार बसला आणि गाव वाढले. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे वऱ्हाड. दोन्ही बाजूंस नजर पोचेल तिथवर काळी जमीन, पऱ्हाटी आणि तूर. अशा मुलखात कुणी ‘वाघ पाहिला’ असे म्हणाला, तर ऐकणारा प्रथम हसतो. रात्री जागलीला गेलेल्या गड्याने तडस पाहिले असेल, रानमांजर पाहिले असेल, फार तर बिबट. कापसाच्या शेतात वाघ कुठला?

परंतु हे हसू फार जुने नाही. आपल्या पणजोबांच्या पणजोबांना ते सुचले नसते.

विदर्भाचा नकाशा उघडून गावांची नावे वाचत जावे. वाघोली, वाघाळा, वाघदरा अशी नावे पानोपानी भेटतात. शिवेवर वाघदेव असतो, त्याला शेंदूर असतो, वर्षातून एकदा नारळ असतो. जो प्राणी कधी आलाच नाही, त्याच्यासाठी कुणी शिवेवर दगड मांडीत नाही.

मग तो गेला कसा? १८६२ साली नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. त्याचे पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते; १८६६ मध्ये ते पालकवाडीस हलले आणि तेथेच पुढे वर्धा शहर उभे राहिले. नेमक्या याच काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची आठवण झाली. हिंगणघाटच्या कापसाचा भाव चढला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. भाव होता, गाडी होती. मग पडीत रान कोण ठेवील? नांगर धुऱ्यापर्यंत आला, धुऱ्यावरून नाल्यापर्यंत गेला. उत्तरेस आर्वीकडचे डोंगर तेवढे सातपुड्याच्या आश्रयाने राहिले.

त्यात सरकारने वाघाच्या डोक्यावर इनाम लावले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. बंदुकीचे बार सर्वांना ऐकू आले. नांगराचा आवाज मात्र कुणी मोजला नाही. वाघाला खरे हद्दपार केले ते दोघांनी मिळून.

पुढे दिवस पालटले. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे. १९७० मध्ये आपल्या जिल्ह्यात बोर अभयारण्य झाले. १९७२ च्या कायद्याने शिकार थांबविली आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्याच यादीत मेळघाटाचे नाव होते. २०१४ मध्ये बोरलाही व्याघ्र प्रकल्पाचा मान मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे त्या वेळी देशातील सर्व व्याघ्र प्रकल्पांत सर्वांत लहान.

संरक्षण मिळाले, वाघ वाढले, आणि एक गोष्ट कागदावरून निसटली. वाघाचे पिल्लू दोन वर्षांचे झाले की त्याला आईचे रान सोडावे लागते. एका नराला कित्येकदा साठ-सत्तर चौरस किलोमीटर मुलूख लागतो. घरात जागा नसलेल्या तरुणासारखा तो बाहेर पडतो. आता पुन्हा नकाशा पाहा: आग्नेयेस ताडोबा, वायव्येस मेळघाट, ईशान्येस बोर, दक्षिणेस टिपेश्वर, आणि या सर्वांच्या मध्ये पुलगावचा परिसर. वाघ येथे राहायला येत नाही, येथून जातो. नदीचा काठ, नाल्यातली झुडपे, झुडपी जंगलाचे तुकडे हा त्याचा रस्ता; आणि आश्विन-कार्तिकात माणसाच्या छातीपर्यंत वाढलेली कपाशी व तूर हा त्याचा आडोसा.

याचा अनुभव अलीकडे दोन दिवाळ्यांनी दिला. ब्रह्मपुरीकडे माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण पकडून जुलै २०१७ मध्ये बोरच्या रानात सोडण्यात आली. ती तेथे थांबली नाही. वर्धा, अमरावती, नागपूर या जिल्ह्यांतून शेकडो किलोमीटर हिंडली. पुन्हा माणसे दगावली. तिला ठार मारण्याचा हुकूम निघाला, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. बंदूकवाले तिच्या मागावर असतानाच १४ ऑक्टोबर रोजी कारंजा तालुक्यातील सिंदीविहिरीच्या शिवारात, शेताभोवती लावलेल्या वीजप्रवाहाच्या तारेला चिकटून ती मेली. वसुबारसेला दोन दिवस उरले होते. त्याच वर्षी डिसेंबरात बोरचा ‘बाजीराव’ हा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावाजवळ वाहनाखाली सापडला.

दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, चंद्रपूरकडून आलेल्या एका वाघाने आमच्या नदीपलीकडच्या धामणगाव रेल्वे तालुक्यात, मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी या गावांच्या शिवारांत, दोन माणसांचे प्राण घेतले. कापूस वेचणीचे ते दिवस. बाया शेतात जाईनात, गडी जागलीला जाईनात. तो वाघ पुढे उत्तरेस गेला व डिसेंबरात मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील सारणी येथे पकडला गेला. त्या दिवसांत ‘वाघ पाहिला’ म्हणणाऱ्याला कुणी हसले नाही.

अशी पायपीट ही काही एकट्या-दुकट्या वाघाची लहर नव्हे. टिपेश्वरचा एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये निघाला व डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे त्याचे पाऊल न् पाऊल कळत होते. तेवढ्या काळात तो तेराशे किलोमीटरांवर चालला होता. इतका चालूनही वाटेत त्याने गावकऱ्यांची फारशी गाठ पडू दिली नाही. साता समुद्रांपलीकडेही हेच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ‘माउंटन लायन’ नामशेष झाला, असे सारे मानीत. पाहिल्याचे सांगणाऱ्यांस वेड्यात काढीत. जून २०११ मध्ये कनेक्टिकट राज्यात एक नर मोटारीच्या धडकेने मेला, आणि तपासणीत तो साउथ डकोटाच्या डोंगरांतून, सुमारे अडीच हजार किलोमीटरांवरून आल्याचे निघाले. त्याची खात्रीही, आपल्या बाजीरावाप्रमाणे, रस्त्यावरच झाली.

पूर्वी पुरावा म्हणजे पायाचा ठसा. त्यात पारख चुके, वादही होत. आता झाडाला बांधलेला कॅमेरा रात्रीही छायाचित्र घेतो. आणि वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, एकाचे दुसऱ्याशी न जुळणारे, म्हणून कोणता वाघ कुठून आला हेही कळते. तेव्हा वाघ येतो का, हा प्रश्न आता उरला नाही. तो येईल तेव्हा आपण काय करू, एवढाच उरला आहे.

येथे शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. तार वाघासाठी कुणी लावीत नाही. ती रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी असते. एका रात्रीत उभे पीक आडवे झाले तर कर्जाचा हप्ता रानडुक्कर भरीत नाही. परंतु लाइनवरून आकडा टाकून सोडलेली वीज डुक्कर, वाघ आणि शेजारच्या घरचा मुलगा यांत भेद करीत नाही. सौर कुंपणाचा झटका जनावराला परतवतो, मारीत नाही. त्यासाठी सरकारी अनुदानही मिळते. ठसा दिसला तर गर्दी न करता वनखात्याला कळवावे, चार दिवस वेचणीला एकटे-दुकटे जाऊ नये. पाहुणा बहुधा आपण होऊनच पुढची वाट धरतो.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. त्याच तिथीला सह्याद्रीतील महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर वाघबारस असते; गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवून आपल्या गुरांची राखण मागतात. एकाच दिवशी गायही पुजली जाते आणि वाघही. त्या गुराख्यांना वाघाचे भय आपल्याहून कमी नव्हते. पण गाय आपली आणि वाट वाघाची, असा त्यांचा जुना करार होता. पुलगावच्या शिवारात तो करार आपण कापसाच्या भावात विसरलो. वाघ मात्र अजून त्याच वाटेने येतो.