हौद्यातली माती

माझे आजोबा आणि त्यांचे थोरले बंधू आयुष्यभर एकाच ताटात जेवले, पण कुस्तीच्या हगाम्याला ते कधी एका बाजूला बसले नाहीत. आजोबांना सगळे अण्णा म्हणत, थोरल्यांना दादा. अण्णा एका पैलवानाचे होते आणि दादा तालमीचे. देवळाली प्रवरेच्या आमच्या घरात हा वाद माझ्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. मी तो ऐकला आजीच्या तोंडून, चुलीपुढे बसून.

आजी सांगायची, तालमीतला एक पोरगा लहानपणी रेवड्यांच्या कुस्त्या खेळायचा. पुढे तो नारळावर खेळू लागला, मग रुपयांच्या इनामावर. अंगापिंडाने मजबूत, आणि पट काढायला विजेसारखा. अण्णांचा त्याच्यावर जीव जडला. कोल्हारची यात्रा असो, राहुरीची असो की बेलापूरची, अण्णा बैलगाडी जुंपायचे आणि त्याची जोड लागेपर्यंत उन्हात मैदानाच्या कडेला उभे राहायचे. त्याने समोरच्याला अस्मान दाखवलं की अण्णांच्या डोक्यावरचा फेटा हवेत उडायचा. घरी दूध कमी पडलं तरी पैलवानाच्या खुराकाचा तांब्या चुकत नसे.

दादा हगाम्याला जायचे, पण त्यांचं लक्ष हौद्यावर. तालमीतली लाल माती तेच राखायचे. कुदळीने खणायची, खडे वेचायचे, मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, काव घालून ती लोण्यासारखी मऊ करायची. "पोराचं अंग सोलवटलं नाही पाहिजे," एवढंच ते म्हणायचे. अण्णा चिडवायचे, "माती काय, नदीला लागंल तेवढी पडलीय. पैलवान कुठून आणणार?" दादा म्हणायचे, "पैलवान ह्याच मातीतून आला ना?"

पुढे तो पैलवान खुराकासाठी आणि मोठ्या वस्तादासाठी दूरच्या तालमीत गेला. एका वर्षी गावच्या यात्रेला परतला तो त्या तालमीचा पैलवान म्हणून. शेवटच्या मानाच्या कुस्तीला त्याच्यापुढे उभा राहिला आमच्याच तालमीतला विशीतला पोरगा. हलगी कडाडली, दोघांची सलामी झडली. गावाला कळेना ओरडायचं कोणासाठी. अण्णा जुन्याच्या नावाने ओरडले, दादा पोराच्या नावाने. बराच वेळ खडाखडी झाली, निकाल लागेना, शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. घरी मात्र ती सुटली नाही. दोघे भाऊ चार महिने एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत, आणि जेवले तरीही एकाच ताटात.

खेळाची निष्ठा नेमकी कोणावर असते, हा प्रश्न मला त्या ताटापासून लागला आहे.

पुढे शाळेत क्रिकेटचं वेड लावलं ते एका मास्तरांनी. नगर जिल्हा क्रिकेटमध्ये पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे, म्हणून आपला संघ महाराष्ट्र, असं ते ठासून सांगत. मग भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट यायची. डिसेंबर 1948, पुण्याच्या पूना क्लबचं मैदान, समोर काठेवाड. निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनच्या विक्रमी 452 ला फक्त 9 धावा कमी असताना काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला. हे सांगताना मास्तरांचा आवाज अजून दुखावलेला असायचा. पण हेच निंबाळकर होळकर संघाकडूनही खेळले. सांगलीचे विजय हजारे तर महाराष्ट्र सोडून बडोद्याचे झाले, आणि 1946-47 च्या रणजी अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर त्यांनी जी 577 धावांची भागीदारी रचली, ती बडोद्याच्या नावावर आहे. त्या काळी संस्थानिक खेळाडूला नोकरी देत, मान देत. खेळाडू तिकडे जाई. म्हणजे खेळाडूने संघ बदलण्याची रीत आयपीएलच्या लिलावाने आणलेली नाही. आपल्या पणजोबांनीही ती पाहिली आहे, आणि हजाऱ्यांना सांगलीने परकं मानलं नाही.

माझ्या तरुणपणी निष्ठेची ही परीक्षा आमच्या दाराशी आली. श्रीरामपूर आम्हाला बाजाराचं गाव. आजही तिथल्या रेल्वे स्टेशनवर नाव बेलापूर. 1978 साली तिथे जन्मलेला झहीर खान मुंबईला गेला, सुधीर नाईकांच्या हाताखाली नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये गोलंदाजी करू लागला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला, आणि रणजी खेळला तो बडोद्याकडून. 2000-01 मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला, तेव्हा आमच्या भागातली पोरं बडोद्याच्या विजयाने नाचली. बडोदा कुठे आणि प्रवरेचा कालवा कुठे! नंतर तो मुंबईकडून खेळला, तेव्हा आम्ही मुंबईचे. आयपीएलमध्ये बंगळूर, मुंबई, पुन्हा बंगळूर, पुन्हा मुंबई, शेवटी दिल्ली. आमचं मन त्याच्या मागे मागे फिरत राहिलं, अण्णांच्या बैलगाडीसारखं. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकली आणि केवळ 6 धावा दिल्या. त्या रात्री टीव्हीपुढे माझ्या शेजारी अण्णा होते. त्यांना क्रिकेट कळत नव्हतं. तरी प्रत्येक चेंडूला ते विचारत होते, "हा आपला ना?"

त्या 'आपला' शब्दात सगळं आलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

कोल्हापूरला गेलो आणि मनातली खात्री हलली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉलचा सामना पाहिला. तिथे संघांच्या नावातच तालीम आहे: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पेठेतला माणूस पेठेच्या संघाचा, त्याचा बाप त्याच संघाचा, आजाही. खेळाडू बदलतात, बाहेरगावचे येतात, परदेशीही येतात. पेठ बदलत नाही. कालचा लाडका खेळाडू आज समोरच्या संघाकडून उतरला, तर त्याच्या पायात चेंडू आला की हुर्यो होते. मला तिथे दादा आठवले. पेठेच्या कट्ट्यावर ते शोभले असते.

आमच्याकडे असं का नाही? मला वाटतं, आमच्या तालमीला संघाचं रूप कधी आलं नाही. कुस्तीत माणूस एकटा उतरतो, जिंकतो एकटा, चीत होतो एकटा. गाव त्याच्या पाठीवर हात ठेवतं आणि तो निघून गेला की तोच हात पुढे करून त्याला शोधत राहतं. ज्या गावाला स्वतःचा संघ नाही, ते आपल्या माणसाच्याच संघाला आपला म्हणतं. माझी पुतणी हेच करते. अजिंक्य रहाणे जन्मला संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला, प्रवरेच्या काठी, वाढला डोंबिवलीत. तो राजस्थानकडून खेळला, पुण्याकडून, दिल्लीकडून, कोलकात्याकडून, चेन्नईकडून, पुन्हा कोलकात्याकडून. दर वेळी पोरीला नवा रंग हवा असतो. पूर्वी मी तिला म्हणायचो, अगं, एक संघ धर. आता म्हणत नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नला त्याने कर्णधार म्हणून शतक ठोकलं, त्या सकाळी तिने मला हलवून उठवलं होतं. अण्णा फेटा उडवत तेव्हा असंच तेज त्यांच्या तोंडावर असेल.

आणि तरीही दादांचं म्हणणं माझा पिच्छा सोडत नाही. 7 जानेवारी 2020 ला बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. हर्षवर्धन सदगीर मूळचा आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा, प्रवरेच्या उगमाकडचा, उतरला नाशिककडून. समोर लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, पुण्यात एकाच तालमीत घाम गाळलेले. सदगीर अगदी थोडक्यात जिंकला, आणि गदा हातात येण्याआधी त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. ते पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन जिल्हे दोघांसाठी ओरडत होते आणि त्या दोघांच्या अंगाला माती मात्र एका हौद्याची होती. माणूस मोठा की आखाडा, हा वाद त्या दोघांपुरता तरी उरलाच नव्हता.

आमच्या घरात तो कसा मिटला, ते आजीने शेवटी सांगितलं होतं. अण्णांच्या पैलवानाचा गुडघा गेला. बोलावणी थांबली, इनाम थांबलं, नव्या तालमीला तो नको झाला. तो गावात परतला तेव्हा त्याच्या घरी पहिल्या दिवशी दुधाचा तांब्या गेला तो अण्णांचा. दुसऱ्या दिवशी दादा गेले. त्यांनी तालमीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पोरं वाट पाह्यला लागलीत, वस्ताद." त्यानंतर तालमीत त्याच्या हाताखाली दोन पिढ्या तयार झाल्या. चाहत्याने त्याला जगवलं, आखाड्याने त्याला काम दिलं. दोघांपैकी एकच असता, तर तो माणूस उभा राहिला नसता.

दादा गेले त्या वर्षीची नागपंचमी मला स्वतःला आठवते. हा पैलवानांचा सण, हौदा खणायचा दिवस. पहाटे अण्णा घरात दिसले नाहीत. मी शोधत तालमीत गेलो. वस्ताद दुखरा पाय पसरून कडेला बसले होते, चार-पाच पोरं कुदळी मारत होती, आणि अण्णा गुडघाभर मातीत उभे राहून किटलीतलं ताक ओतत होते. मला पाहून म्हणाले, "ये, खडे वेचायला लाग."